कुंकू लावलेलं कार्ड

शाळेत मी फार टिकलो नाही, आणि जवानी म्हणाल तर ती स्टेअरिंगच्या मागं गेली. आधी ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, मग ट्रकवर डायवर, मग एसटीत लागलो अन् नांदेड-लातूर, लातूर-नांदेड करता करता केस पिकले. लोक ज्याला जवानीचे दिवस म्हणतात, म्हणजे नवराबायको एका खोलीत बसून बिनकामाचं हसतायत, बिनकामाचं भांडतायत, ते आमच्या वाट्याला मी रिटायर झाल्यावर आलं. माझं लहानपण मागं लिहून झालं, त्यात सांगण्यासारखं थोडंच होतं. ह्या प्रकरणात मी ती उशिरा आलेली जवानी लिहितो. ती लवकर गेली. ज्याला वाचून हुरूप पाहिजे त्यानं हे प्रकरण सोडून द्यावं.

नांदेडात आमच्या दोन खोल्या, पुढं पत्र्याचं शेड. शेडात कूलर. तो सुरू झाला की आख्खं घर थरथरायचं आणि कौसल्या म्हणायची, तुमची गाडी रेस झाली बघा. कौसल्या म्हणजे माझी बायको, मुखेडची. सकाळी घरात सुशीलेचा वास असायचा. परक्या मुलखातल्या लोकांना सांगतो, आमच्याकडं चुरमुरे भिजवून, कांदामिरची घालून परततात त्याला सुशीला म्हणतात. दुपारी ज्वारीची भाकर अन् येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी. तिचा भाकर थापायचा आवाज मी बाहेर पेपर वाचत बसलो तरी मोजून घ्यायचो, किती झाल्या, किती राहिल्या. मग तिच्या किडन्या गेल्या. दोन्ही. आठवड्यातून दोनदा रक्त धुवायला दवाखान्यात जायचं, मशीनला लावायचं. येसर बंद झालं, मीठ बंद झालं, पाणी सुद्धा वाटीनं मोजून. तिच्या ताटात मीठ नाही म्हटल्यावर मी माझ्यातही सोडलं. ती चिडायची. म्हणायची, तुमच्या किडन्या चांगल्या हायत, त्यांना कशाला उपाशी मारून राहिले. पण एका चुलीवर दोन भाज्या कोण करणार, अन् करणारा तर मीच.

आतल्या खोलीत पोराचा कम्प्युटर होता. आमचा नागेश हैदराबादेत नोकरीला आहे. जाताना त्यानं लॅपटॉप नेला अन् हा काळा डबा आमच्याकडं टाकून गेला. एका बाजूनं काच, आत निळा दिवा. कॉलेजात असताना तो त्याच्यावर बंदुकीचे खेळ खेळायचा, दिवसभर ठोऽ ठोऽ. कौसल्यानं त्याच्यावर जुन्या पातळाचा तुकडा पांघरला होता, मिक्सरवर पांघरते तसा. आईचं दुखणं कळल्यावर नागेश आला, चार दिवस राहिला, अन् माझी तिच्या तोंडाकडं बघत बसायची सवय त्याला सहन होईना म्हणून त्यानं त्या डब्यात बस चालवायचा खेळ घालून दिला. कुठल्या तरी पोरांनी त्या खेळासाठी आपल्या एसटीसारखी लाल गाडी बनवून ठेवली होती, फुकट. समोरची काच, वायपर, गिअरची दांडी, सगळं जागच्या जागी. रस्ता मात्र दक्षिणेतला, दोन्ही बाजूला नारळ. चार बटनांवर गाडी चालवायची. ज्या माणसानं आयुष्यभर स्टेअरिंगवर अंग टाकून वळणं काढली त्याला बोटानं टिचकी मारून वळायचं म्हणजे लाज वाटते. पहिल्या दिवशी मी ती गाडी तीनदा शेतात घातली. कौसल्या पलंगावरून बघत होती. म्हणाली, "बरं झालं मी तुमच्या गाडीत कधी बसले न्हाई."

खरंच बसली नव्हती. तिला गाडी लागायची. मुखेडहून लग्न होऊन येताना तिनं नव्या शालूत उलटी केली, आणि त्यानंतर लिंबू हुंगून झालं, आलं चघळून झालं, पोटाला वर्तमानपत्र बांधून झालं, पण एसटीचा वास आला की तिचं तोंड पांढरं. माहेरी जायची ती नाइलाज म्हणून, डोळे मिटून, अन् दोन दिवस आजारी पडायची. ज्या रस्त्यावर माझं आयुष्य गेलं तो तिनं पाहिलाच नाही. पण तिला तो पाठ होता. संध्याकाळी मी घरी आलो की हातपाय धुईपर्यंत सांगायचो, आज लोह्याला गर्दी लई, अहमदपूरच्या स्टँडात पाणी साचलं, चाकूरला एक म्हातारी बकरी घेऊन चढत होती. ती चुलीपुढून हां हां म्हणायची. मला वाटायचं ऐकत नाही. ऐकत होती. म्हातारीची बकरी तिला वीस वर्षांनी आठवत होती, मला नाही.

तर तिला त्या खेळाची गोडी लागली ती अशी. मी गाडी सरळ चालवायला शिकलो तसं ती पलंगावरून उठून माझ्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसू लागली. आम्ही त्या परक्या रस्त्याला आपली गावं ठरवून टाकली. पहिला पूल म्हणजे गोदावरी. मग सोनखेड. मोठं वळण अन् दुकानं आली की लोहा. चढ लागला की माळाकोळी. ती म्हणायची, "लोह्याला नारळ कधीपासून लागले ओ?" मी म्हणायचो, सरकारनं लावले. दुपारच्या वेळी कूलरचा आवाज, गाडीचा आवाज, आणि ती शेजारी पदर खोचून बसलेली. लोक काश्मीरला जाऊन आले तर इतकं बोलत नसतील तितकं आम्ही त्या खोट्या रस्त्यावर बोललो. एक दिवस ती म्हणाली, तुमचं आयुष्य ज्या रस्त्यावर गेलं त्या रस्त्यानं मला एकदा लातूरपर्यंत न्या. उलटी न होता. एवढं करा, बाकी मला काही नको.

पण तेच होत नव्हतं. डबा जुना झाला होता. झाडं आली, वळण आलं, की चित्र अडकायचं. गचका, मग धाड्कन पुढं, परत गचका. खराब क्लचप्लेटची गाडी चढावर जशी चालते तशी. दोन-चार गचके झाले की तिचा हात तोंडाकडं जायचा आणि मी गाडी बंद करायचो. माळाकोळीच्या पुढं आम्ही कधी गेलोच नाही. ती म्हणायची, रस्ता अडखळतो तेव्हाच ढवळतं बघा. मलाही पटलं. गचका बंद तर उलटी बंद. डॉक्टर सांगत होते की रक्तातली घाण वाढली म्हणून मळमळतं, पण डॉक्टरच्या सांगण्यात करण्यासारखं काही नव्हतं, आणि गचक्यावर इलाज होता. नागेशला फोन केला. तो म्हणाला, बाबा, ग्राफिक कार्ड बदलावं लागंल. चित्र काढायचं काम तेच करतं, ते आता म्हातारं झालं. म्हातारं झालं म्हटल्यावर मी म्हणालो, मग बदलू.

अन्वरचं दुकान स्टेशनकडं. त्याचा बाप रेडिओ दुरुस्त करायचा, हा कम्प्युटर करतो. मला चच्चा म्हणतो. रक्त धुवून झाल्यावर आम्ही दोघं ऑटोनं तसेच तिकडं गेलो. मी तिला नको म्हणत होतो, ती म्हणाली, माझ्यासाठी घेऊन राहिलेत तर मी बघू नको का? अन्वरनं तिला पंख्याखाली स्टूल दिलं, पाणी विचारलं, तिनं नको म्हणून मान हलवली. आणि त्यानं काउंटरवर तीन कार्डं मांडली. मला वाटलं होतं कार्ड म्हणजे रेशनकार्डासारखं काही असेल. हे तर विटेएवढं. एक बारकं, एका पंख्याचं. एक मधलं, दोन पंख्यांचं, दोन्ही नवी. आणि एक हे एवढं लांब, तीन पंख्यांचं, वापरलेलं. नागेशनं फोनवर मोठंच घ्या म्हणून सांगितलं होतं. जुनं असलं म्हणून काय झालं, बाबा, ताकद बघा.

मी तीन पंख्यांचं हातात घेतलं. जड होतं, चांगलं वाटलं. मग मी ते नाकाशी नेलं. कौसल्याला हसू आलं. पण जुनी गाडी घेताना मी तेच करत आलो. बोनेट उघडून वास घ्यायचा, गाडीवाला खोटं बोलतो, वास बोलत नाही. जळकट वास होता, बारीक, धूळ भाजल्यासारखा. मी अन्वरला विचारलं, ही कुठं चालली होती? तो आधी इकडं तिकडं बोलला, मग म्हणाला, एकानं रात्रंदिवस चालवलं चच्चा, कम्प्युटरवर पैसे पाडायचा धंदा असतो त्यात. मी ते खाली ठेवलं. ओव्हरलोड चाललेली गाडी फुकट दिली तरी घेऊ नये. वर अन्वरच म्हणाला की ते आमच्या डब्यात बसणार नाही, लांबीला जास्त, अन् डब्याचा करंट त्याला पुरणार नाही, करंट देणारा ठोकळाच बदलावा लागेल. म्हणजे बैल मोठा घेतला अन् गोठ्याचं दार बारीक. बारकं कार्ड झाडं आली की अडकेल असं त्यानंच सांगितलं. राहिलं मधलं. त्याचं ताकदीचं, मेमरीचं बोलणं चालू झालं तेव्हा कौसल्या स्टुलावरून म्हणाली, "अन्वरभाऊ, मला एवढंच सांगा, ह्याच्यानं लातूरपर्यंत गचका बसंल का?"

अन्वरला काही कळलं नाही. मी समजावून सांगितलं. त्यानं मधलं कार्ड तिच्याकडं सरकवलं अन् म्हणाला, नाही बसणार चाची, पानी के माफक चलेगी.

मी खिशात हात घातला तर तिनं माझी बाही धरली. पितरपाट चालू होता. पितरपाटात घरात नवी वस्तू आणत नाहीत, चमचासुद्धा नाही. मी म्हणालो, अगं, मेलेल्या माणसांना ह्या कार्डाचं काय करायचंय? ती म्हणाली, "माझ्या सासूचा म्हाळ व्हायचाय अजून. ती बघंल. घटस्थापनेला आणा." मी दुकानातच वाद घातला. ती ऐकेना. आजारी माणूस देवाधर्माला घट्ट धरतो, त्याची बोटं सोडवू नयेत. अन्वरनं ते कार्ड आमच्या नावानं कपाटात ठेवलं.

त्या पंधरवड्यात ती फार उतरली. पाय सुजले. म्हाळाच्या दिवशी पलंगावरून मला सांगत होती, खिरीत वेलदोडा टाका, कढी फुटू देऊ नका, आणि स्वतः घासभर खीर तोंडात घेऊन बाहेर टाकली. मी कावळ्याला पान ठेवलं. कावळा लगेच आला. ती म्हणाली, बघा, सासूबाई खूश हायत, आता कार्ड आणा.

घटस्थापनेला दुपारी अन्वर येणार होता, त्याच्या आधी सकाळी मी दुकानातून कार्ड घरी आणून ठेवलं. नवी गाडी डेपोत आली की आम्ही डायवर लोक हार घालायचो, बोनेटला स्वस्तिक काढायचो, चाकाखाली लिंबू. तेच केलं. घटापुढं पाटावर कार्ड ठेवलं, लिंबू ठेवला, कुंकू कालवलं अन् करंगळीनं पंख्याच्या झाकणावर स्वस्तिक काढलं. कौसल्या पलंगावर टेकून बघत होती. म्हणाली, ह्याचं तोंड कुठलं? मी विचार केला. खालच्या अंगाला पिवळ्या दात्यांची पट्टी होती, ती डब्यात घुसते. म्हणालो, हे तोंड असावं. ती म्हणाली, मग तोंडाला लावा की, देवाच्या काय पाठीला लावतात? मी त्या पट्टीला हळद अन् कुंकू, दोन्ही, चांगलं बोटभर लावलं.

अन्वर आला, कार्ड बसवलं, बटन दाबलं. स्क्रीन काळी. पुन्हा दाबलं. काळी. त्याच्या कपाळाला घाम आला, मला वाटलं फसवलं आपल्याला. मग त्यानं कार्ड बाहेर ओढलं, उजेडाला धरलं, आणि माझ्याकडं बघत राहिला.

"चच्चा, इंजन में कभी कुंकू डाले क्या?"

मी म्हणालो, बोनेटला लावायचो.

"तो बोनेटकोच लगानाना. ये तो प्लग है."

नागेशच्या जुन्या कंपासपेटीतलं खोडरबर काढून तो ती पट्टी घासत बसला, एकेक दात. खोडरबर लाल झालं. कौसल्या हसायला लागली ती थांबेना. खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी हसत होती आणि मला बोटानं दाखवत होती. मी आता हे लिहितो तेव्हा तेच दिसतं. पुढं ती हसली ते माझ्यासाठी, तोंडदेखलं. ते हसणं शेवटचं खरं. पंख्याच्या झाकणावरचं स्वस्तिक मात्र अन्वरनं पुसलं नाही. म्हणाला, इसको रहने देता. काचेतून ते अजून दिसतं, निळ्या उजेडात काळपट.

अन्वर गेल्यावर तिनं वेणी घातली. नवं नव्हे पण धुतलेलं लुगडं नेसली. मी तिला खुर्चीवर उशी लावून बसवलं आणि गाडी काढली. काय सांगू. गचका नाही. चित्र पाण्यासारखं. झाडाचं पान अन् पान सुटं दिसत होतं, रस्त्यावरची सावली गाडीच्या काचेवरून सरकत होती. पूल गेला. सोनखेड गेलं. लोह्याला मी उगाच गाडी थांबवून दार उघडलं, बंद केलं. ती बोलत नव्हती. मला वाटलं बघण्यात रमली. माळाकोळीचा चढ लागला अन् तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला.

"थांबवा."

मी गाडी डाव्या अंगाला घेतली. ब्रेक लावला. सवयीनं इंडिकेटर सुद्धा दिला. पातेलं आणेपर्यंत तिला उलटी झाली होती. दोनदा झाली, तिसऱ्यांदा नुसतं पित्त. मी तिची पाठ धरून उभा होतो अन् समोर स्क्रीनवर गाडी उभी, इंजिन चालू, बाजूची झाडं वाऱ्यानं हलतायत, कुठं अडकत नाहीत. इतकं चांगलं चित्र मी त्याच्या आधी पाहिलं नव्हतं. तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "कार्डाचा काही दोष न्हाई ओ. रस्ता गुळगुळीत हाय. मलाच लागून राहिलं."

मी म्हणालो, सकाळपासून पोटात काही नाही, पित्त असेल.

"नका खोटं बोलू, डायवर."

ती मला डायवर म्हणायची ती चेष्टेत. त्या दिवशी चेष्टा नव्हती. गचका होता तोवर आम्हाला दोघांना धरायला काहीतरी होतं. गचक्यामुळं होतं, गचका गेला की जाईल. आता गचका गेला आणि आम्ही दोघं मोकळ्या हातानं समोर बघत बसलो. डॉक्टर म्हणत होते ते खरं होतं, आणि ते आम्हाला दोघांनाही आधीपासून माहीत होतं, एवढंच.

दोन दिवस कम्प्युटर लावला नाही. तिसऱ्या दिवशी रक्त धुवून आल्यावर ती पलंगावर भिंतीकडं तोंड करून पडली आणि म्हणाली, गाडी चालू करा, मी बघत न्हाई, नुसती ऐकते. तुम्ही कंडक्टरवाणी गावं सांगा. मला लाज वाटली. डायवर कधी गावं पुकारत नाही, ते कंडक्टरचं काम. मी पुटपुटलो. ती म्हणाली, एवढ्या हळू म्हटल्यावर मागच्या सीटवरच्यांनी काय करावं? मग मी मोठ्यानं म्हटलं. सोनखेड. लोहा. चढाला मी गिअर बदलल्याचा आवाज आला की ती स्वतःच म्हणायची, माळाकोळी. डोळे मिटल्यावर तिला गाडी लागली नाही. अहमदपूर गेलं, शिरूर गेलं, चाकूर आलं. ऐकायला कार्ड लागत नाही. जुन्या डब्यावरही तो आवाज असाच येत होता. हे माझ्या डोक्यात तेव्हाच आलं, पण बोललो नाही. तिच्याही आलं असणार.

आष्टामोड म्हटल्यावर ती म्हणाली, "लातूर म्हणू नका."

मी म्हणालो, का?

"लातूर आलं की उतरावं लागतंय. आत्ता कुठं तुमच्या गाडीत बसाया मिळालं."

मग रोज तसंच. आष्टामोडपर्यंत जायचं अन् गाडी वळवायची. कधी ती मध्येच झोपायची. मग मी हॉर्न देत नसे.

दिवाळीच्या आत ती गेली. दवाखान्यात, मशीनवर. त्याचं मी लिहिणार नाही, ज्यांच्या घरचं माणूस तसं गेलं त्यांना ते माहीत आहे आणि बाकीच्यांना सांगून उपयोग नाही. नागेश तेराव्यापर्यंत राहिला. जाताना म्हणाला, बाबा, कार्ड अजून नवंकोरं आहे, अन्वरला परत देऊन टाका, तुम्हाला काय करायचंय त्याचं. पोरगं वाईट नाही. त्याला वस्तू पडून राहिलेली बघवत नाही, बस. मी म्हणालो, त्याला कुंकू लावलंय. त्यानं बॅग उचलली. मला हैदराबादेला चला म्हणतो. तिथं जाऊन मी कोणाचं तोंड बघत बसू?

आता दुपारी मी कम्प्युटर लावतो आणि स्क्रीनचं बटन बंद ठेवतो. बघायचं काही राहिलं नाही. गाडी स्टँडवर उभी असते, इंजिन चालू. काचेतून कार्डाचे दोन्ही पंखे गरगर फिरताना दिसतात, कोणी बघत नाही असं चित्र काढत. पातळाचा तुकडा मी घडी करून मांडीवर घेतो. सोनखेड म्हणतो. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर, चाकूर, आष्टामोड. मोठ्यानं म्हणतो, मागच्या सीटपर्यंत जाईल असं. पुढचं म्हणत नाही. मग बटन दाबून उठतो अन् भात लावतो. भातात मीठ घालायचं अजून ध्यानात राहत नाही.